लहान मुलांचा ईईजी: डोकं कोरडं, डोळे पेंगुळलेले

सकाळी दहाची वेळ दिलेली असते. आठला मालीशवाल्या मावशी येऊन जातात. अंघोळ होते, धुरी होते, टाळू तेलाने भरली जाते, गालावर तीट लागते. मग बाळ रिक्षात बसतं आणि दुसऱ्या वळणाला गाढ झोपतं. आमच्या दारात त्याला जाग येते, ते सगळ्यांकडे बघून हसतं आणि पुढचे तीन तास काही केल्या डोळा मिटत नाही. आईबाबांचं तसं काहीच चुकलेलं नसतं. बाळाला बाहेर न्यायचं तर स्वच्छ आणि ताजंतवानं करून न्यावं, हे आपल्याला शिकवलेलंच असतं. ईईजीला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटांच्या आलेखाला, मात्र नेमकं उलटं बाळ लागतं.

मी मुलांच्या मेंदूविकार विभागात ईईजी काढते. परत बोलवावं लागणाऱ्या मुलांमध्ये मशीनमुळे बिघडलेले थोडे आणि घरातल्या तयारीत बिघडलेले जास्त, हा माझा अनुभव. म्हणून घरातल्या तयारीपासून हातात रिपोर्ट येईपर्यंतचा क्रम इथे लिहिला आहे. तुमच्या केंद्राने छापील सूचना दिल्या असतील आणि त्या इथल्यापेक्षा वेगळ्या असतील तर त्यांचंच ऐका.

## टप्पा १: तारीख घेण्याआधी कागद पाहा

डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीवर बऱ्याचदा फक्त ‘ईईजी’ एवढंच असतं. ते पुरत नाही. जागेपणीचा हवा, झोपेतला हवा की दोन्ही, हे विचारून घ्या. बहुतेक लहान मुलांचे दोन्ही लागतात, कारण काही दोष फक्त झोपेत दिसतात. जे मूल नीट बोलत होतं आणि बोलायचं कमी झालं, त्याचा झोपेतला ईईजी तर टाळताच येत नाही.

चिठ्ठीवर या गोष्टी हव्यात: बाळाची जन्मतारीख, नऊ महिने भरण्याआधी जन्म झाला असेल तर कितव्या आठवड्यात, झटका दिसायला कसा असतो, शेवटचा कधी आला, औषधं कोणती आणि किती. नसतील तर तिथल्या तिथे डॉक्टरांकडून लिहून घ्या. रिपोर्ट करणारे डॉक्टर बाळाला पाहतीलच असं नाही, त्यांच्यासमोर हाच कागद असतो.

वयाचा इतका आग्रह का? शांत, डोळे मिटलेल्या मुलाच्या डोक्याच्या मागच्या भागात एक ठरावीक लय दिसते. तीन-चार महिन्यांच्या बाळात ती सेकंदाला ३-४ वेळा, वर्षाच्या बाळात ५-६ वेळा, तीन वर्षांच्या मुलात ८ च्या आसपास आणि आठ-दहा वर्षांच्या मुलात ९-१० वेळा. जी संथ लाट पाच महिन्यांच्या बाळात अगदी ठीक, तीच दहा वर्षांच्या मुलात काळजीची. वय चुकलं की सगळा अर्थच चुकतो.

प्रत्येक झटक्याला ईईजी लागत नाही. ६ महिने ते ५ वर्षांच्या, वाढ नीट असलेल्या मुलाला तापात एकदाच, सर्वांगाची, १५ मिनिटांच्या आत थांबलेली आकडी आली, तर सहसा ईईजी करत नाहीत. रडता रडता श्वास अडकून निळं पडणाऱ्या बाळांचंही तसंच. स्वमग्नता आहे की नाही, हे ईईजीवरून ठरत नाही. मूल हुशार आहे का, डाव्या मेंदूचं की उजव्या, हेही नाही. असं सांगून डोक्याला पट्टा बांधणारे कोणी भेटले तर पैसे खिशातच ठेवा.

इथे मात्र एक दिवसही थांबू नका. ३ ते १२ महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर पुन्हा पुन्हा दचकल्यासारखं करतं, मान झुकते, हात पसरतात किंवा अंग दुमडतं, काही सेकंदांनी पुन्हा तेच, असे एकामागून एक बरेच झटके येतात. घरात कोणी म्हणतं गॅस झालाय, कोणी म्हणतं दृष्ट लागली. हे इन्फंटाइल स्पाझम, म्हणजे तान्ह्या वयातल्या फिटचा एक गंभीर प्रकार, असू शकतात. महिन्याभराने मिळालेली तारीख घेऊन घरी परतू नका. व्हिडिओ दाखवा आणि डॉक्टरांना ‘तातडीचं’ असं चिठ्ठीवर लिहायला सांगा.

## टप्पा २: व्हिडिओ काढून ठेवा

तास-दीड तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमका झटका येईलच असं नाही. बहुतेकदा येत नाहीच. म्हणून तुमच्या मोबाईलमधला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कधीकधी माझ्या दीड तासाच्या कामापेक्षा जास्त सांगून जातो.

आडवा धरा. आधी दिवा लावा, पांघरूण बाजूला करा. डोक्यापासून पायापर्यंत बाळ दिसू द्या, मग चेहऱ्याजवळ या. नावाने हाक मारा आणि प्रतिसाद येतो का तेही टिपू द्या. झटका थांबल्यावरही मिनिटभर चालू ठेवा. त्यानंतर मूल लगेच खेळायला लागतं की झोपतं, यालाही अर्थ असतो. सुरुवातीचे पाच सेकंद निसटतात, सगळ्यांचे निसटतात, तेवढे शब्दांत लिहून ठेवा: आधी डावा हात की उजवा, डोळे कुठे वळले.

वेळेची नोंदही ठेवा. जागेपणी, झोप लागताना की उठल्यावर, एवढं कळलं तरी रेकॉर्डिंगचा कोणता भाग लांबवायचा ते मला ठरवता येतं.

## टप्पा ३: डोकं

भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो. बाळाच्या डोक्यावर मिळणारा विजेचा दाब ५० ते १०० मायक्रोव्होल्टच्या घरातला, म्हणजे त्या सेलच्या पंधरा ते तीस हजारांश. एवढीशी कुजबुज त्वचेतून वायरीपर्यंत पोचायची आणि वाटेत खोबरेल तेलाचा थर! तेल वीज वाहू देत नाही आणि पेस्टही धरू देत नाही. वायर घसरते, परत लावावी लागते, तेवढ्यात झोपलेलं बाळ उठतं.

क्रम असा:

१. तपासणीच्या दोन दिवस आधीपासून डोक्याला तेल बंद. टाळूलाही. आजींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी ‘एवढंसं बोटभर’ लागतंच.

२. आदल्या रात्री साध्या शाम्पूने दोनदा डोकं धुवा. शिकेकाई-रिठाही चालेल. कंडिशनर, जेल, सीरम काही नको.

३. केस पूर्ण वाळवा. ओल्या डोक्यावर पेस्ट पसरते आणि शेजारशेजारच्या दोन जागा एक होऊन जातात.

४. सकाळी वेणी घालू नका, केस मोकळे किंवा सैल बांधलेले. पिना, क्लिपा, गजरा घरी. कपाळावरची तीट पुसा, कारण कपाळावरही वायरी लागतात.

जावळ काढायची गरज नाही. ‘आधी जावळ उरकून घेऊ का’ असं विचारणारे आठवड्याला एकदोघे असतात. केसांतून भांग पाडून वायरी छान लागतात. नुकत्याच मुंडण केलेल्या डोक्यावर बारीक कापलेलं असतं आणि पेस्ट चुरचुरते, तेव्हा उलट थांबलेलंच बरं.

तपासून घ्या: टिश्यू पेपर बाळाच्या टाळूवर हलका दाबा. पारदर्शक डाग उमटला तर पुन्हा धुवा. पिवळट खपल्या असतील तर नखाने खरवडू नका, आम्हाला दाखवा. डोक्यात उवा असतील तर लाजू नका, आधी फोनवर सांगा, आम्ही वेळ बदलून देतो.

## टप्पा ४: झोपेचं गणित

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

आम्हाला बाळ जागं, मग पेंगताना, मग झोपलेलं आणि शेवटी उठताना असं सगळं हवं असतं. आल्या आल्या झोपलेलं असेल तर जागेपणीचा भाग आणि झोपेत शिरतानाचा भाग जातो. झोपलंच नाही तर तपासणी अर्धीच राहते. म्हणून नुसतं ‘दमवून आणा’ पुरत नाही. वायरी लावून झाल्यावर पंधरा मिनिटांनी झोप लागेल, असं जुळवायचं असतं.

वयाप्रमाणे साधारण असं:

तीन महिन्यांपर्यंत. जागं ठेवण्याच्या भानगडीत पडू नका, जमतही नाही. इथे दूध हेच झोपेचं औषध. शेवटचं पाजणं अशा बेताने ठेवा की आमच्याकडे आल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने बाळाला भूक लागेल. वायरी लागतील, मग तुम्ही पाजाल, मग ते झोपेल. वायरी लावायच्या आधी पोटभर पाजलंत तर त्या लावताना झोपेल आणि रेकॉर्डिंगला टक्क जागं.

तीन महिने ते दोन-अडीच वर्षं. बाळाच्या रोजच्या झोपेच्या वेळेचीच तारीख मागा. बाळ दुपारी एकला झोपत असेल तर सकाळी नऊची वेळ काय कामाची? मिळेल ती वेळ घेऊन येतात आणि मग सगळेच हैराण होतात. त्या दिवशी नेहमीपेक्षा तास-दोन तास लवकर उठवा आणि मधली डुलकी चुकवा. मालीश-अंघोळ आदल्या दिवशी उरका.

तीन ते आठ वर्षं. रात्री दोन तास उशिरा झोपवा, पहाटे दोन तास लवकर उठवा.

त्यापुढे. रात्री चार-पाच तासच झोप. सकाळी चहा, कॉफी, कोला नको. ‘आमचा चहा म्हणजे नुसतं दूध हो’ हे ऐकते मी रोज, तरीही नको.

उठवल्यानंतर पाच मिनिटांची डुलकीही मोजली जाते. तेवढ्यात झोपेची निकड उतरते आणि मूल पुढे दोन तास टवटवीत.

सावध: झोप कमी झाली की आकडी येण्याचा धोका वाढतो. जागरणाने आधी झटका आलेला असेल, मुलाला ताप असेल, झटके वारंवार येत असतील, तर किती जागवायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पूर्ण रात्र जागवणं स्वतःच्या मनाने कधीच नको.

### प्रवास, म्हणजे खरी परीक्षा

एसटीची खिडकी, रिक्षाचा हेलकावा, गाडीतला एसी. यांच्यापुढे कोणतंही बाळ टिकत नाही. म्हणून दोन मोठी माणसं या. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याचं काम एकच: बाळाला झोपू न देणं. मांडीवर उभं धरा, खिडकीतून म्हैस दाखवा, ओल्या रुमालाने तळपाय पुसा, टाळ्या वाजवा. एरवी मोबाईलच्या नावाने बोटं मोडणारी मी, त्या दिवशी स्वतः सांगते की लावा काय लावायचं ते. लांबच्या गावाहून येणार असाल तर आदल्या रात्री शहरात नातेवाइकांकडे मुक्काम करणं सगळ्यात चांगलं. एका कुटुंबाने चार तासांचा प्रवास करून आणलेलं बाळ शेवटच्या वीस मिनिटांत झोपलं होतं. आम्ही संध्याकाळी पाचपर्यंत थांबलो, तेव्हा कुठे ते पुन्हा पेंगलं.

## टप्पा ५: औषधं

फिटचं चालू औषध नेहमीच्या वेळी, नेहमीएवढंच द्या. ‘औषध बंद ठेवलं तर खरं काय ते दिसेल’ असं शेजारी सांगतात. दिसतं खरं, पण ते लांबलेल्या आकडीच्या रूपाने, अतिदक्षता विभागात. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं असेल तरच बदल करा.

घरून निघण्याआधी आकडी आली आणि नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा फवारा द्यावा लागला, तर जरूर द्या. तपासणीचा विचार करू नका. आल्यावर मात्र किती वाजता दिला ते सांगा. त्या गटातली औषधं आलेखात बारीक जलद लाटा आणतात आणि काही दोष झाकतात. नोंद असेल तर डॉक्टरांना ते धरून वाचता येतं.

झोप लागावी म्हणून सर्दीचं सिरप, किंवा मागच्या वेळचं उरलेलं झोपेचं औषध घरी देऊ नका. एका बाळाचा डोस दुसऱ्याला चालत नाही, वजनावर ठरतो. लागलंच तर आम्ही केंद्रातच देतो, बहुतेकदा मेलॅटोनिन किंवा ट्रायक्लोफॉसचं सिरप, आणि बाळ नजरेसमोर ठेवतो.

इथे दोन बेत एकमेकांत मिसळतात, ते मिसळू देऊ नका. पहिला बेत: औषधाविना, दूध पाजून झोपवायचं. दुसरा: गुंगीचं औषध देऊन, त्यासाठी पोट रिकामं ठेवून. गुंगीच्या औषधाआधी सर्वसाधारणपणे पाणी २ तास, आईचं दूध ४ तास आणि वरचं दूध किंवा खाणं ६ तास बंद ठेवतात. तुमचा बेत कोणता हे तारीख घेतानाच विचारा. पहिल्या बेताच्या बाळाला विनाकारण सहा तास उपाशी आणलं तर ते रडून रडून घामाघूम होतं. दुसऱ्या बेताच्या बाळाला दारात पाजलंत तर औषध देताच येत नाही.

गुंगी दिली असेल तर पूर्ण जागं होऊन, पाणी-दूध नीट गिळेपर्यंत घरी निघू नका. परतीच्या वाटेवर बाळ झोपलं तर मान छातीवर पडू देऊ नका. शेजारी कुणीतरी बसून श्वासाकडे लक्ष ठेवा.

## टप्पा ६: पिशवीत काय

चिठ्ठी, जुने ईईजी आणि एमआरआय, औषधांच्या बाटल्या (नावं आठवण्यापेक्षा बाटल्या बऱ्या). दूध किंवा खाऊ. बाळाचं रोजचं दुपटं, तेही न धुता, ओळखीच्या वासाचं. पुढून बटणं असलेला सदरा, म्हणजे वायरी लागल्यावर डोक्यातून कपडा काढावा लागत नाही. कोरडे लंगोट. परतताना डोक्याला बांधायला टोपरं.

निघताना ताप, जोराची सर्दी किंवा उलट्या असतील तर फोन करा. चोंदलेल्या नाकाने बाळ झोपत नाही.

## टप्पा ७: वायरी लावताना

‘करंट देतात का हो?’ हा प्रश्न निम्मे पालक विचारतात आणि उरलेले निम्मे मनात ठेवतात. नाही. मशीन फक्त ऐकतं, बाळाच्या अंगात काहीही सोडत नाही. सुई नाही, केस कापणं नाही.

मी आधी टेपने डोकं मोजते. नाकाच्या मुळाशी असलेल्या खाचेपासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. त्या मापाचे १० आणि २० टक्क्यांचे भाग पाडून खुणा करते. नव्या तंत्रज्ञांना घाई असते, ते अंदाजाने लावतात. मोठ्या माणसाच्या डोक्यावर बोटभर चूक कदाचित खपून जाईल, सहा महिन्यांच्या डोक्यावर बोटभर म्हणजे मेंदूचा भागच बदलला. डावं-उजवं एकसारखं नसेल तर चांगल्या मेंदूतही एक बाजू कमी दिसते.

मग प्रत्येक खुणेवर खरखरीत पेस्ट चोळायची, छोट्या वाटीसारखा इलेक्ट्रोड चिकट पेस्टने बसवायचा, वर कापसाचा किंवा गॉजचा तुकडा आणि शेवटी पट्टी. साधारण २१ जागा. रोध, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये विजेला होणारा अडथळा, ५ किलोओहमच्या खाली आणि सगळीकडे साधारण सारखा आला की मी पुढे जाते.

चोळताना बाळ रडतं. दुखतं म्हणून कमी, डोकं धरून ठेवलेलं आवडत नाही म्हणून जास्त. दुपट्यात हात आत घेऊन घट्ट गुंडाळा, मांडीवर घ्या, डोळ्यांसमोर तुमचा चेहरा असू द्या. चार लोकांनी चार दिशांनी ‘नाही नाही, झालं झालं’ म्हणण्याऐवजी एकानेच बोला. पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला आदल्या दिवशी खरं काय ते सांगा: डोक्याला चिकट पेस्ट, वायरी, थोडी खसखस, मग झोप. ‘काही करणार नाहीत’ असं सांगून आणलेलं मूल टेप बघूनच पळतं, आणि पुढच्या वेळी तुमचंही ऐकत नाही.

## टप्पा ८: रेकॉर्डिंग चालू असताना

आधी थोडा वेळ जागेपणीचं. मी सांगितलं की बाळाच्या डोळ्यांवर अलगद तळवा धरा. मागच्या भागातली ती लय डोळे मिटल्यावरच नीट दिसते. मग दिवे मंद, पाजणं, झोप.

थोपटणं. आपल्याकडे बाळ थोपटल्याशिवाय झोपत नाही. पण तालात थोपटलेला हात आलेखात तालात लाटा उमटवतो आणि त्या हुबेहूब आकडीसारख्या दिसू शकतात. झोका, मांडी हलवणं, अंगठा चोखणं, उचकी, सगळ्यांचं तेच. करू नका असं मी म्हणत नाही. करा, पण मला सांगून. मी त्या जागी ‘आई थोपटतेय’ अशी खूण करते आणि झोप लागली की तुम्ही हात थांबवा.

घाम. चार पांघरुणं, टोपरं, वर स्वेटर, असं केलं की घामाने सगळ्या लाटा बोटीसारख्या डुलायला लागतात.

मोबाईल. बंद ठेवा. चार्जरला लावून बाळाच्या उशाशी तर मुळीच नको. भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आम्हाला आधीच पुष्कळ असते.

पडद्याकडे बघून अर्थ लावू नका. डुलकी लागताना लहान मुलांत अचानक उंच, संथ लाटांचे झोत येतात. ते निरोगी असतात, पण नवख्याला धडकी भरवतात. दोनेक महिन्यांच्या वयापासून झोपेत चातीसारख्या आकाराच्या बारीक लाटा दिसू लागतात. साधारण दोन वर्षांपर्यंत त्या डाव्या-उजव्या बाजूला एकाच वेळी येत नाहीत, तेही ठीकच. माझ्या चेहऱ्याकडे बघूनही अर्थ लावू नका, मी पेस्ट संपत आली म्हणून कपाळाला आठ्या घातलेल्या असतात.

झटका आला तर: मोठ्याने सांगा, पांघरूण ओढून काढा, कॅमेरा आणि बाळ यांच्या मधून बाजूला व्हा. बाळाला कुशीवर वळवा. उचलून छातीशी धरू नका, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. बाकीचं आम्ही बघतो.

जाग आली की लगेच ‘झालं ना, काढा आता’ म्हणू नका. इन्फंटाइल स्पाझमची शंका असेल तर उठल्यानंतरची मिनिटंच सगळ्यात मोलाची.

## टप्पा ९: श्वास आणि दिवा

चार-पाच वर्षांपुढच्या, सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलांना ३ मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. क्षणभर हरवल्यासारखं होणाऱ्या फिटची शंका असेल तर ५ मिनिटं. आम्ही भिरभिरं फुंकायला देतो. ओठांना मुंग्या येतात, थोडं गरगरतं, मिनिटभरात जातं. आलेख या काळात संथ आणि उंच होतो, मुलांत ते अपेक्षितच असतं.

सावध: सिकलसेल हा रक्ताचा आजार, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा मोयामोया आजार, नुकताच झालेला मेंदूतला रक्तस्राव, हृदय-फुप्फुसाचा गंभीर आजार यांत हे करत नाहीत. सिकलसेल जास्त आढळतो अशा नंदुरबार, गडचिरोली किंवा विदर्भातल्या इतर भागांतून येणाऱ्या कुटुंबांना मी हे आवर्जून विचारते. सिकलसेलचं कार्ड असेल तर पिशवीत नको, आल्या आल्या हातात द्या.

दिव्याची चाचणी सोपी: डोळे मिटून, साधारण फूटभर अंतरावरून, वेगवेगळ्या गतीने चमकणारा प्रकाश.

## टप्पा १०: एनआयसीयूतलं बाळ

एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. इथे तयारी पालकांची कमी आणि कर्मचाऱ्यांची जास्त, म्हणून हा भाग माझ्या नव्या सहकाऱ्यांसाठी.

फॉर्मवर ‘वय ६ आठवडे’ एवढंच लिहू नका. गर्भातले आठवडे अधिक जन्मानंतरचे आठवडे, दोन्ही लिहा. ३२ आठवड्यांत जन्मलेलं सहा आठवड्यांचं बाळ म्हणजे ३८ आठवडे, आणि आलेख त्याच वयाचा असायला हवा. शांत झोपेत थांबत थांबत येणाऱ्या लाटा या वयात चालतात. वय चुकीचं कळलं तर त्याच लाटांना रोग म्हटलं जाईल.

डोकं लहान, म्हणून ९ ते ११ इलेक्ट्रोड पुरतात, जोडीला हृदयाचे ठोके, श्वास आणि डोळ्यांची हालचाल. कमी दिवसांच्या बाळाची त्वचा ओल्या कागदासारखी असते, चोळू नका, पुसा. कमीत कमी एक तास घ्या, म्हणजे चळवळ्या आणि शांत अशा दोन्ही झोपा मिळतात. त्या तासात रक्त काढणं, लंगोट बदलणं ठेवू नका असं सिस्टरना आधीच सांगा. व्हेंटिलेटर, वॉर्मर, पंप कुठला कधी चालू झाला ते लिहा. फिनोबार्बिटोन हे फिटचं औषध दिलं असेल तर वेळेसकट.

नवजात बाळांत मेंदूत आकडी चालू असून अंगावर काहीच न दिसणं पुष्कळदा घडतं. उलट, हात थरथरतोय तो तुमच्या हाताने धरल्यावर थांबला तर बहुधा ती आकडी नसते. काही ठिकाणी दोन वायरींचं मॉनिटर दिवसभर लावून ठेवतात. ते लक्ष ठेवायला चांगलं आहे, पण पूर्ण ईईजीची जागा घेत नाही.

## टप्पा ११: नंतर

पेस्ट कोमट पाण्याने भिजवून मऊ झाली की मग विंचरा, कोरडी ओढू नका. लाल ठिपके एकदोन दिवसांत जातात. तेल दुसऱ्या दिवशी, मनसोक्त.

रिपोर्ट आला की घरोघर सुरू होतं, ‘नॉर्मल आलाय, म्हणजे फिट नाही, औषध बंद करू.’ असं नसतं. फिटचा आजार असलेल्या मुलाचा एखादा ईईजी पूर्ण नॉर्मल येणं नेहमीचं आहे, त्या तासात मेंदू गप्प होता एवढंच. आणि उलट, कधीच आकडी न आलेल्या शंभर मुलांतल्या दोन-चारांच्या आलेखात टोकदार लाटा सापडू शकतात. म्हणून रिपोर्टचा फोटो नात्यातल्या ग्रुपवर टाकण्याआधी तो व्हिडिओसकट डॉक्टरांसमोर ठेवा.

रिपोर्टमध्ये झोप नोंदली गेली का, ते स्वतः वाचा. ‘फक्त जागेपणीची नोंद’ असं असेल आणि डॉक्टरांनी झोपेची मागितली असेल, तर तिथेच पुढची तारीख ठरवा. मूळ रेकॉर्डिंगची प्रत मिळत असेल तर सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या आणि बाहेरून तारीख व मुलाचं वय लिहा. दोन वर्षांनी पुन्हा ईईजी करायची वेळ आली तर डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवून बघतात, आणि तेव्हा नुसत्या एका पानाच्या रिपोर्टवरून लाट कुठे हलली ते कळत नाही.